सव्वीस एप्रिलचे काळे पडदे

संगणकालाही विषाणू होतो, हे तंजावरात लोकांना पहिल्यांदा सांगायची वेळ माझ्यावर आली तेव्हा निम्मे लोक हसले आणि उरलेले घाबरले. एका वकिलांच्या कारकुनाने नाकावर रुमाल धरूनच मला विचारलं, "अम्मा, हा माणसांनाही होतो का?" एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत जायचा नियम होता. खोली थंड, स्वच्छ, दारावर लिंबू-मिरची. आत शिरून पाहिलं तर प्रत्येक मशीनच्या तोंडात कुणाची ना कुणाची फ्लॉपी खुपसलेली. विषाणू त्या फ्लॉपीतून येतो, पायातून नाही, हे प्राचार्यांच्या गळी उतरवताना माझी दुपार गेली. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, फ्लॉप्याही पुसून घेऊ." आणि शिपायाला ओलं फडकं आणायला सांगितलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पश्चिम राजवीथीला, एका पितळेच्या भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर माझं दुरुस्तीचं दुकान होतं. बाहेरच्या देशांतून सुटे भाग यायला लागले होते, ते चेन्नईहून आणायचे, जोडायचे, विकायचे आणि विकलेलं मशीन वर्षानुवर्षं सांभाळायचं, हा धंदा. बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन आली हे बघून लोक आधी माझ्या मागे बघत, खरा मेकॅनिक कुठे आहे म्हणून.

माझ्या मराठीबद्दल एक सांगते. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात, पण ती कानांनी शिकलेली. देवनागरी मी निवृत्तीनंतर, पुण्यात मुलीकडे राहायला आल्यावर गिरवली. हा लेख मुलीने वाचून पुण्याच्या वळणावर आणून दिला आहे. आमच्या माणसांची बोलणी मात्र मी हट्टाने तशीच ठेवली आहेत.

तर, त्या काळातले विषाणू म्हणजे बहुतेक वात्रट पोरं होती. एकाने पडद्यावरची अक्षरं पिकल्या पानांसारखी खाली गळायची. फ्लॉपी आत विसरून मशीन सुरू केलं की तो शिरायचा. उपाय ठरलेला: स्वच्छ, वर काही लिहिता येणार नाही असं कुलूप लावलेल्या फ्लॉपीने मशीन सुरू करायचं, झाडलोट करायची, पैसे घ्यायचे, कापी, म्हणजे कॉफी, प्यायची आणि घरी जायचं. त्यातून मी एक शिस्त बसवली होती. बाहेरून आलेली कुठलीही फ्लॉपी आधी माझ्या तपासणीच्या मशीनमध्ये जायची. ते जुनं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणारं मशीन होतं. विषाणू ओळखणाऱ्या प्रोग्रामची नवी फ्लॉपी महिन्यातून एकदा कुरियरने यायची. त्याला ठाऊक असलेलेच चोर तो पकडायचा. नवीन चोर आला तर पुढच्या फ्लॉपीपर्यंत मोकळा. आम्हाला तेवढं पुरेसं वाटायचं.

मग एकोणीसशे नव्याण्णवचा सव्वीस एप्रिल उजाडला. सोमवार होता.

दुकान उघडून झाडू मारत होते तेवढ्यात फोन वाजला. कमलाक्का. त्या दक्षिण राजवीथीला लग्नपत्रिका, प्रबंध, प्रश्नसंच टाइप करून छापून द्यायच्या. बाई कधी घाबरायची नाही, पण आवाज चिरकला होता.

"पद्मा, पडदा काळा झाला गं. नुसता काळा. बीप पण करीत नाहीं."

मी म्हटलं, करंटचा झटका असेल. एप्रिलमध्ये आमच्याकडे वीज कशीही नाचते. पिशवी उचलून गेले. मशीन उघडलं, वास घेतला. जळाल्याचा वास नाही. वीजपुरवठा तपासला, ठीक. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण मशीन जागंच होत नाही. इथे एक गोष्ट समजून घ्या. संगणक चालू केल्यावर तो सगळ्यांत आधी एका छोट्या चिपमधला प्रोग्राम वाचतो: मी कोण, मला डिस्क आहे का, पडदा आहे का. मग एक बीप करतो. ती चिप रिकामी झाली तर मशीनला आपण संगणक आहोत हेच आठवत नाही. आणि तोवर माझ्या समजुतीप्रमाणे ती चिप कुठल्याही प्रोग्रामला रिकामी करता येत नव्हती. विषाणू फाइली खातो, लोखंड खात नाही, असं मीच लोकांना सांगत आले होते.

मी तिथे असतानाच माझ्या दुकानाच्या शेजाऱ्याने मला शोधून निरोप पाठवला: एका ऑडिटरचं मशीनही तसंच. मग एका ट्रॅव्हल एजंटचंही बंद. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे करंटचा झटका नव्हे. तिथे जाऊन पाहिलं तर पडदा काळा नव्हता. त्यावर एक ओळ होती, डिस्क सापडत नाही म्हणून. डिस्क आत होती. माझ्या हाताने बसवलेली.

मी दुकानात परत येऊन चेन्नईला फोन लावला. ज्यांच्याकडून सुटे भाग घ्यायचे ते गृहस्थ. मी नुसतं "हॅलो" म्हटलं.

"तुमच्याकडेही?" त्यांनी विचारलं.

मी काही सांगितलंच नव्हतं.

"आज सव्वीस तारीख," ते तमिळमध्ये म्हणाले. "सकाळपासून फोन ठेवलेला नाही. एक विषाणू वर्षभर सगळ्यांच्या मशीनमध्ये गुपचूप बसला होता, आज उठला. डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसतो आणि जमलं तर चिपही. ज्यांनी अजून मशीन लावलं नसेल त्यांना सांगा, आज लावू नका."

मी गिऱ्हाइकांना फोन करायला सुरुवात केली. काहींनी आधीच लावलं होतं. काहींना वाटलं मी थट्टा करते आहे. एका कापडवाल्याने तर, "बघतो हं," म्हणून फोन धरूनच मशीन लावलं. पलीकडून आधी चालू झाल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग त्याचं तोंडातल्या तोंडात "अय्यो".

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सेतुमाधवराव मामा. सत्तरी गाठलेले निवृत्त विज्ञानशिक्षक. गावचे तमिळ लोक त्यांना 'रायर', म्हणजे राव, म्हणत. कुणाचंही काम असलं की मोपेडवर हजर. त्यांनी स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत रक्तदात्यांचा एक संघ चालवला होता. कुणाचा रक्तगट काय, कुठे राहतो, फोन कुणाच्या नावाचा, हे सगळं त्यांनी आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठेवलं होतं. मग मी बसवून दिलेल्या मशीनमध्ये भरलं आणि वाळवी लागलेली कार्डं अभिमानाने जाळली. अख्ख्या जिल्ह्यात रात्री-बेरात्री कुणाला रक्त लागलं की त्यांना फोन यायचा आणि ते दोन बोटांनी टायपून नाव काढून द्यायचे.

मामा कधी जिना धावत चढत नसत. त्या दिवशी दारात येऊन ते चौकटीला धरून उभे राहिले.

"पद्मा, मशीन म्हणते डिस्क नाहीं. काय म्हणते ती? डिस्क नाहीं म्हणजे काय?"

"मामा, आधीं बसा."

"बसायला वेळ नाहीं गं. दवाखान्यांतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ओरत्तनाडूची एक बाई, पहिलें बाळंतपण, रक्त थांबत नाहीं. ओ निगेटिव्ह. रक्तपेढींत एक बाटली होती ती चढवून झाली. आणखी पाहिजे. माझ्याकडे त्या गटाचीं माणसें आहेत, पद्मा. मीं स्वतः भरलीं आहेत. पण नांवें आठवत नाहींत."

"कॉपी ठेवली आहे का?"

त्यांचा चेहरा उजळला. "आहे की! तूं सांगितलेंस तसें दर महिन्याला करतों."

"कुठें?"

"त्यांतच. बॅकअप नांवाचा कप्पा केला आहे."

त्याच डिस्कमध्ये. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. शिक्षक माणूस. उत्तरपत्रिका बघताना मुलाच्या तोंडाकडे बघायची सवय.

आम्ही त्यांच्या मोपेडवरून त्यांच्या घरी गेलो. मी मशीन उघडलं, डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि आम्ही परत दुकानात आलो. वाटेत मोठ्या देवळाच्या कोपऱ्यावर टाउन बस अडून राहिली होती आणि मामा हॉर्नवरचा अंगठा काढेनात. या माणसाला मी जन्मात हॉर्न वाजवताना पाहिलं नव्हतं.

डिस्क मी तपासणीच्या जुन्या मशीनला जोडली. मशीन म्हणालं, डिस्क कोरी आहे. मामा माझ्या खांद्यामागून वाचत होते. "कोरी," ते म्हणाले.

माझ्याकडे एक हत्यार होतं, ते सहसा वापरायची वेळ येत नसे. डिस्कवर काय लिहिलंय ते तुकड्यातुकड्याने, जसंच्या तसं दाखवणारा एक प्रोग्राम. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी पानं आत असतात. हा प्रोग्राम पानं उलटत जातो. मी पहिलं पान उघडलं. शून्यं. पुढचं. शून्यं. पडदाभर नुसती शून्यं, ओळीमागून ओळ. कुणीतरी बसून, शांतपणे, एकही जागा न सोडता पुसलं होतं. मी पान खाली करत राहिले. मी धंद्यात बऱ्याच मोडलेल्या वस्तू पाहिल्या होत्या. पडलेल्या, भिजलेल्या, उंदराने कुरतडलेल्या. पण अशी मुद्दाम, व्यवस्थित केलेली नासधूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला एखाद्याच्या घरात चोराच्या पाठोपाठ शिरल्यासारखं वाटत होतं.

मग एकाएकी शून्यं संपली आणि कचरा सुरू झाला. वेडीवाकडी चिन्हं, हसरे चेहरे, बाण. आणि त्या कचऱ्यात मध्येच कुणा दात्याच्या गावाचं नाव. कुंभकोणम.

मामांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखलं.

त्यांची यादी ज्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये होती तो नावं साध्या अक्षरांत लिहून ठेवायचा, हे नशीब. मी शोधायला शब्द दिला: ओ निगेटिव्ह जसं ते टायपायचे तसं. मशीन डिस्कच्या पोटात उतरलं. डिस्कचा कुरकुर आवाज, पंख्याचा आवाज, आणि खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी घागर ठोकून बघत होतं त्याचा आवाज.

पहिलं नाव आलं. मामा म्हणाले, "हा दुबईला गेला."

दुसरं आलं. फोन लावला, त्या माणसाला कावीळ होऊन गेली होती, चालणार नव्हतं.

तिसरं नाव अर्धं होतं, पुढचा भाग कुठे तुटला होता कोण जाणे. पण फोन होता. पापनाशम गावचा, शेजारच्या सायकलच्या दुकानाचा नंबर. मी आकडे मोठ्याने वाचले, मामांनी फिरवले.

"कोण पाहिजे?" सायकलवाल्याने विचारलं.

मामांना अर्धंच नाव ठाऊक होतं. "गोविंद... गोविंद काहीतरी. तुमच्या शेजारी राहतो. रक्त देतो."

"गिरणीवाला गोविंदसामी? थांबा."

तो माणूस फोनवर यायला वेळ लागला. तेवढ्यात मी आणखी एक नाव काढून दुकानाखालच्या एसटीडी बूथवर धावले. तो नंबर तंजावरातच राहणाऱ्या एका प्राध्यापिकेचा निघाला. त्यांनी एकच विचारलं: "रिक्षाने येऊ की तुम्ही येता?"

गोविंदसामी दुपारच्या बसने आला. केसांत भाताचं तूस, शर्टावर तूस. नर्सने त्याला आधी तोंड धुवायला लावलं. तो म्हणाला, मला वाटलं कुणी थट्टा करतंय, रायरांचा आवाज ओळखला म्हणून आलो. मामा दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. डॉक्टरीणबाई संध्याकाळी बाहेर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वाचली. दोघीही." मुलगी झाली होती.

बाईचा नवरा मामांच्या पाया पडायला वाकला. मामांनी त्याला अर्ध्यातच धरलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, "पद्मा, ओरत्तनाडूच्या त्या पोरीशीं कोणाचें वैर होतें?"

पुढच्या आठवड्यात पेपरात आलं की हे बनवणारा तैवानमधला एक विद्यार्थी होता. विषाणू पकडणारे प्रोग्राम नुसत्या बढाया मारतात, हे त्याला दाखवायचं होतं म्हणे. त्याचं कुणाशीच वैर नव्हतं. मला याचाच सगळ्यांत जास्त धक्का बसला. वैर असतं तर समजलं असतं. वैऱ्याला निदान आपलं नाव ठाऊक असतं.

दोन गोष्टी त्या आठवड्यात झाल्या. एक, मी कमलाक्कांचं मशीन जिवंत केलं. हे थोडं बढाईने सांगते, कारण आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. अगदी तसंच दुसरं मशीन आणायचं, ते सुरू करायचं, आणि चालू असतानाच त्याची चांगली चिप अलगद उपटायची. चिपखालून मी आधीच दोरा ओवून ठेवला होता. मशीनला कळायच्या आत तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यात पुन्हा प्रोग्राम लिहायचा. धडधडत्या काळजावर हात घालण्याचं काम. बीप झाला तेव्हा कमलाक्कांनी देवासमोर निरांजन लावलं. पण डिस्कवरचं काम परत आलं नाही. एका संशोधकाचा जवळजवळ पुरा झालेला प्रबंध त्यात होता. त्यांनी तो हस्तलिखितावरून पुन्हा टाइप केला, रोज थोडाथोडा, त्या संशोधकाला न सांगता.

दुसरी गोष्ट म्हणजे, हे कुठून आलं ते सापडलं.

मामांच्या मशीनमध्ये एक सीडी होती. जातक आणि पंचांग काढायचा प्रोग्राम. चेन्नईला एका लग्नात कुणी नातेवाइकाने कौतुकाने दिलेली, नकलेची नक्कल. मी कुरियरने आलेली ताजी फ्लॉपी लावून ती तपासली आणि मशीन ओरडायला लागलं. मामांनी ती बसवताना विषाणू पकडणारा प्रोग्राम मध्ये मध्ये कुरकुर करत होता, म्हणून तो बंद केला होता. सीडीच्या पाकिटावरच तसं करा म्हणून लिहिलं होतं.

आणि मामांना वाटलं, इतकी चांगली वस्तू एकट्याने काय वापरायची? त्यांनी त्याच्या फ्लॉप्या करून, माझ्या तपासणीला न पाठवता, थेट वाटल्या. कमलाक्कांना. ऑडिटरला. ट्रॅव्हल एजंटला.

मी हे सांगितलं तेव्हा ते तिण्णैवर बसले होते. आमच्याकडे घराच्या पुढच्या ओट्याला तिण्णै म्हणतात. त्यांनी आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले.

"माझ्या हातानें?"

"मामा, तुम्हांला कसें ठाऊक असणार?"

"नाहीं, पण माझ्या हातानें. त्या पोरीला रक्त मिळूं नये असें मींच केलें, आणि मींच धांवलों."

ते आत गेले आणि दार लावलं. पुढचे काही दिवस संघाचा फोन त्यांची सून उचलायची. मला वाटलं, संपलं. अशी माणसं एकदा मागे हटली की परत येत नाहीत. कितीतरी लोकांनी त्या वर्षी मशीनवर कायमचं कापड टाकलं.

पण मग एके सकाळी खाली मोपेड वाजली. मामा वर आले नाहीत. खालूनच हाक मारली.

"कोणाकोणाला दिली तें मला पाठ आहे. चल. एकेकाच्या घरीं जाऊन सांगूं आणि परत घेऊं."

आम्ही गेलो. दारात चप्पल काढायची, आत जायचं, आणि हा माणूस, ज्याने अर्ध्या गावाला शाळेत शिकवलं होतं, उभ्यानेच सांगायचा, "तुमची मशीन माझ्यामुळें बिघडली." कुणी म्हणालं, जाऊ द्या हो सर. एकाने तोंडावर दार लावलं. कमलाक्कांनी काही न बोलता कापी करून आणली आणि पेल्याखाली वाटी ठेवायला विसरल्या नाहीत. तेवढ्यावरून आम्ही समजलो की रागावल्या असल्या तरी सोडणार नाहीत.

शेवटचं घर एका जोस्यरांचं, म्हणजे ज्योतिष्यांचं. जोस्यर हसत बाहेर आले. "माझ्या मशीनला काही झालेलं नाही. सव्वीसला दिवसभर पत्रिका काढल्या. ग्रहबळ, रायर!"

मी मशीन बघायची परवानगी मागितली. विषाणू आत होता. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला चिकटलेला, जिवंत, धष्टपुष्ट. मग हा उठला कसा नाही? तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात नजर गेली. तारीख होती एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. आतल्या घड्याळाची बॅटरी कधीची मेली होती. रोज सकाळी मशीन लावलं की ते ऐंशी सालच्या पहिल्या तारखेला उठायचं आणि संध्याकाळी तिथेच झोपायचं. त्या घरात सव्वीस एप्रिल कधी येणारच नव्हता.

सगळ्या गावाला तारखा सांगणाऱ्या माणसाच्या मशीनमध्ये तारीख चुकीची होती म्हणून तो वाचला. मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. कारण कुणी भलं करायला म्हणून ती बॅटरी बदलली असती, तर पुढच्या वर्षी हाच दिवस पुन्हा उगवला असता. आणि जोस्यर सहज म्हणाले, "मीही दोघा-तिघांना दिला आहे तो प्रोग्राम. कुंभकोणमला एक, तिरुवारूरला..."

मामांनी खिशातून पेन काढलं. "पत्ते सांगा."

त्यानंतर धंदा बदलला. चिपवर लिहिता येऊ नये म्हणून कुलपं आली, काही कंपन्या एका मशीनवर दोन-दोन चिप बसवायला लागल्या. महिन्याची फ्लॉपी आठवड्याची झाली, मग रोज फोनलाइनवरून यायला लागली. 'कॉपी वेगळ्या घरात ठेवा' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. पण खरा बदल माझ्यात झाला. आधी मी दुरुस्ती करायची, आता संशय घ्यायला लागले. कुणी प्रेमाने काही दिलं की आधी त्याच्या हाताकडे बघायची. हे मला आवडत नव्हतं, अजूनही आवडत नाही. माझं काम म्हणजे लोकांना एकमेकांवर जरा कमी भरवसा ठेवायला शिकवणं होऊन बसलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सकाळी चेन्नईच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज तोच, गेल्या वर्षीचा. "टपाल उघडू नका म्हणून सांगा सगळ्यांना. प्रेमपत्र म्हणून येतंय. ओळखीच्या माणसाच्या नावाने."

हा नवीनच प्रकार होता. फ्लॉपी नाही, सीडी नाही. मशीनवर आलेल्या टपालाला एक कागद जोडलेला, वर लिहिलेलं, माझं तुझ्यावर प्रेम आहे. उघडलं की तो तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र तुमच्या नावाने धाडायचा आणि जाता जाता फोटो-बिटो पुसून टाकायचा. मोठमोठ्या देशांच्या कचेऱ्यांनी टपाल बंद केलं होतं. लोखंड मारून झालं होतं. आता भरवशाचंच हत्यार केलं होतं.

मी पहिला फोन मामांना लावला. त्यांचा धाकटा मुलगा माधव अमेरिकेत होता आणि त्याच्यासाठी मामा नुकतेच ईमेल शिकले होते.

"ये," ते म्हणाले. "घाई नाहीं. मीं उघडलेलें नाहीं."

मी गेले. ते मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर पत्रांची यादी, आणि वरचंच पत्र माधवच्या नावाचं. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, मधल्या जागा न सोडता लिहिलेले ते तीन शब्द.

"हें त्याचें नव्हे," मामा म्हणाले.

"तुम्हांला कोणी सांगितलें?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? तो मला असें लिहील का? मीं त्याला कधीं लिहिलें का? आमच्या घरांत कोणी कोणाला असें बोललेलें मीं ऐकलें नाहीं. माझी बायको गेली, तिलाही..." ते थांबले. "पाहिल्याबरोबर कळलें, हें खोटें आहे."

जगभरातल्या हुशार माणसांनी ते पत्र उघडलं होतं. या माणसाने नाही.

"पण पत्ता तर त्याचाच आहे," ते म्हणाले.

"त्याच्या मशीनवरूनच आलें, मामा. त्यानें नाहीं पाठवलें. त्याच्या वहींत ज्यांचीं नांवें असतील त्या सगळ्यांना गेलें असेल."

"म्हणजे त्याच्या वहींत माझें नांव आहे."

"आहे."

ते त्या ओळीकडे बघत राहिले. नियम साधा होता आणि तो मीच त्यांना शिकवला होता: न उघडता पुसायचं, मग कचऱ्यातूनही पुसायचं. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो बाजूला केला.

"मीं पुसतों."

त्यांनी पुसलं. मग कचऱ्यात जाऊन तिथूनही पुसलं. दोन बोटांनी, सावकाश, माझ्याकडे न बघता. मग फोन जवळ ओढला.

"तिकडे आतां रात्र असेल ना? त्याला सांगायला पाहिजे, मशीन बिघडली आहे म्हणून."

परदेशी फोन ते फक्त दिवाळीला करत. नंबर पाठ होता. लागायला वेळ लागला.

"माधवा? मी. नाहीं, नाहीं, सगळे बरे आहेत. तुझी मशीन बघ. तुझ्या नांवाचें पत्र आलें, तें तुझें नव्हे म्हणते पद्मा. ... नाहीं, उघडलें नाहीं. ... अरे, आंत काय असणार, वरतींच लिहिलें होतें."

पलीकडून माधव काहीतरी बोलायला लागला. मला ऐकू येत नव्हतं. मामांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने मशीनच्या पंख्याचा आवाज नको म्हणून पडदा, मशीन, सगळं बंद केलं.

"बरें," ते शेवटी म्हणाले. "बरें, बरें." मग विचारलं:

"जेवलास का?"